खराटा आधी स्वतःच्या घरात : गाडगेबाबांचा धाक आणि माया

कौंडण्यपूर (ता. तिवसा) : कार्तिकातली यात्रा झाली, दहीहंडी फुटली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता लोकांना वेध लागतात ते आषाढीचे. रुक्मिणीच्या या माहेरातून पंढरपूरला पायी पालखी जाते आणि या वाटचालीला चारशेहून जास्त वर्षं झाली आहेत. दिंडीत जो चालला त्याला एक गोष्ट ठाऊक असते. चोपदारानं दंड वर केला की टाळ-मृदंग गप्प होतात. रांग मोडली की ओरडा बसतो. पण मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बाईसाठी रांग थांबतेही. माणसं घेऊन चालायचं म्हटलं की या दोन्ही गोष्टी लागतात. किती ओरडायचं आणि किती थांबायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

सरपंच असो, बचत गटाची अध्यक्ष असो, शाळेचे हेडमास्तर असोत की चार गडी कामाला लावणारा शेतकरी, सगळ्यांची अडचण हीच आहे. धाक दाखवला तर माणसं तुटतात, माया केली तर काम बसतं. येत्या २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे. फोटोला हार घालायला गावोगावी लोक जमतील. त्या निमित्तानं या माणसानं हा हिशोब कसा मांडला ते पाहू. बाबा आपल्याच जिल्ह्याचे. जिल्ह्याच्या या टोकाला आपलं कौंडण्यपूर, तर त्यांचं शेंडगाव तिकडे अंजनगाव सुर्जी तालुक्यात.

२३ फेब्रुवारी १८७६ ला त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जात परीट. बाप दारूनं गेला. डेबू तेव्हा आठेक वर्षांचा होता. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. तिथं मामाची गुरं राखली, मग औत हाती आलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. कामाला वाघ. मामा चंद्रभान सावकाराच्या कागदात अडकला. अक्षरओळख नाही, पैसे फेडले त्याच्या पावत्या नाहीत, आणि शेवटी जमीन गेली. त्या धक्क्यानं मामाही गेला. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबू त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं त्यांना बांधाबाहेर काढलं. म्हणजे हा माणूस मुळात मऊ नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. त्यांच्या हातातला खराटा सगळ्यांना माहीत आहे. पण शेतात सावकाराच्या माणसांपुढं उभा राहिलेला डेबू त्या खराट्याच्या आधीचा आहे.

१८९२ ला लग्न झालं. बायको कुंताबाई. पहिली मुलगी झाली, तिचं बारसं आलं. तेव्हा बारशाचं जेवण म्हणजे बोकड आणि दारू, हे ठरलेलं. भाऊबंद त्याच आशेनं जमले. डेबूजीनं पानात गोड वाढलं. लोक चिडले, नावं ठेवली, जातीत चर्चा झाली. दारूनं बाप खाल्लेला पोरगा दारू वाढणार नाही, हे आज आपल्याला सरळ वाटतं. पण भाऊबंदांपुढं असं वागायला काय लागतं ते गावात राहणाऱ्यालाच कळेल. शंभर जणांच्या सभेत व्यसनमुक्तीवर बोलणं सोपं. आपल्या घरच्या पंगतीत आपल्याच सोयऱ्याला नाही म्हणणं अवघड. बाबांचा पहिला नियम असा घरच्या पंगतीत लागू झाला. भाषणं नंतर आली.

१ फेब्रुवारी १९०५ ला ते घर सोडून गेले. वय अठ्ठावीस. घरी आई, बायको, लहान मुलं.

पुढची बारा वर्षं भटकंतीत गेली. अंगावर चिंध्या, हातात काठी, डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर. तेच खापर जेवताना ताट व्हायचं. गाडगं घेऊन फिरतो म्हणून गाडगेबुवा. ते भीक मागत, पण फुकट खात नसत. कोणाच्या दारात गेले की आधी लाकडं फोडून दे, अंगण झाडून दे, गोठा साफ कर, आणि मग मिळाली तर भाकर खा. नाही मिळाली तर पुढचं गाव. ही रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही आणि पुढं हजारो माणसं त्यांच्या शब्दावर हलू लागली त्याचं मूळ इथं आहे. घाम न गाळता जो भाकर खात नाही, त्यानं तुम्हाला काम सांगितलं तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

गावात शिरले की ते आधी गल्ली झाडायला लागत. कोणाला बोलवायचं नाही, कोणाला रागवायचं नाही. लोक ओट्यावरून बघायचे. मग एखादं पोरगं खाली यायचं, मग दोन गडी, मग बाया. संध्याकाळपर्यंत गाव लखलखीत. रात्री कीर्तन. आजकाल २ ऑक्टोबरला नवे कोरे झाडू घेऊन, आधी झाडलेल्या रस्त्यावर फोटो काढतात. त्यातला आणि यातला फरक सांगायची गरज नाही.

बाबांचं कीर्तन हा वेगळाच प्रकार होता. ते बोलायचे कमी आणि विचारायचे जास्त. समोरच्या माणसाला वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचा. कर्ज काढलं का, कशासाठी काढलं, बकरं का कापलं, ते पोटच्या पोरासारखंच नव्हतं का, पोराला शाळेत का नाही घातलं. उत्तर लोकांनीच द्यायचं. उत्तर देता देता माणूस स्वतःच्याच बोलण्यात अडकायचा आणि सगळा मांडव हसायचा, तोही हसायचा. कडक बोलणं होतं, खूप कडक. पण माणूस मांडवातून अपमान घेऊन उठत नसे. याचं कारण मला असं दिसतं की बाबा चूक सगळ्यांची मिळून काढत. अमक्या पाटलाची, तमक्या बाईची, असं बोट दाखवत नसत. घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण लेकरांना शिकवा, असं ते सांगायचे. सांगणारा स्वतः न शिकलेला आणि मामाची जमीन कागदापायी गेलेली पाहिलेला. म्हणून ते लोकांना लागायचं.

आणि पाया पडू देत नसत. कोणी वाकला तर काठी उगारत. कीर्तन संपलं की लोक आरतीत असतानाच ते मागच्या मागं निघून जात. गर्दीला देव हवा असतो, गुरू हवा असतो. तो व्हायला त्यांनी नकार दिला. ज्याच्या पाया पडलो त्याला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि त्यांना तर प्रश्नोत्तरांचंच कीर्तन चालवायचं होतं.

आता ऋणमोचनकडे वळू. भातकुली तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या काठावरचं हे गाव. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. नाव ऋणमोचन, म्हणजे कर्जातून सुटका. तेव्हा माणसं कर्ज काढून यात्रा करायची आणि तिथं आंघोळ करून ऋण फिटलं म्हणायची. काठावर चिखल असायचा. म्हातारी माणसं घसरायची, बाया पाण्याच्या घागरीसकट पडायच्या. बाबांनी आधी काठ खोदून, दगड-माती टाकून वाट केली, पुढं लोकांकडून मदत उभी करून पक्का घाट बांधून घेतला. कर्ज काढून तीर्थ करू नका म्हणून ते कीर्तनात लोकांना फैलावर घ्यायचे आणि तेच लोक घसरू नयेत म्हणून त्याच काठावर दगडही वाहायचे. न ऐकणाऱ्यासाठीसुद्धा घाट पक्काच बांधायचा, हे मला त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं मोठं वाटतं. आपण सहसा उलटं करतो. ग्रामसभेत आपलं ऐकलं नाही त्याच्या गल्लीतला दिवा आपण शेवटी लावतो.

याच ऋणमोचनला आई आणि बायको भेटल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. घरी चला म्हणून त्या रडल्या. ते गेले नाहीत.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर. शाळा, वसतिगृहं, गोरक्षण संस्था, अन्नछत्रं. पंढरपुरात आयुष्यभर जाऊन ते विठ्ठलाच्या देवळात शिरले नाहीत. बाहेर वाळवंट झाडत राहिले. ज्या दलित वारकऱ्याला तेव्हा देवळात आणि धर्मशाळेत दोन्हीकडं जागा नव्हती, त्याच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिकला महारोगी, आंधळे, पांगळे यांना जेवण मिळायचं. महारोग्याजवळ जायला लोक घाबरत, तेव्हा बाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत.

या धर्मशाळांचे नियम कडक होते. जागा स्वच्छ ठेवायची. नशापाणी नाही. आला त्याला जात विचारायची नाही. धडधाकट माणसाला भीक नाही, त्याला काम. अपंगाला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला विचारपूस न करता अन्न. एकाच दारात दोन माणसं आली तर एकाला खराटा मिळायचा, दुसऱ्याला ताट. वरवर बघणाऱ्याला हा भेदभाव वाटेल. पण हात असणाऱ्याला फुकट खाऊ घातलं तर त्याचे हात जातात, आणि हात नसलेल्याला काम सांगितलं तर त्याचा जीव जातो. दोघांना एकच नियम लावणं सोपं पडलं असतं. माणूस पाहून नियम लावायला रोज डोकं वापरावं लागतं.

पैशाचा नियम त्याहून कडक. लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाबा स्वतःजवळ पैसा ठेवत नसत. देणगी देणाऱ्यालाच पुढं करायचं, विश्वस्त नेमायचे, व्यवहार त्यांच्या हातात. आपण पाट्या उचलायच्या. आणि सगळ्यात वर एक अट होती. आपल्या कोणत्याही संस्थेवर आपल्या नातेवाइकाचा हक्क नाही. बायकोचा नाही, मुलीचा नाही, जावयाचा नाही. १९५२ ला या सगळ्या पसाऱ्यासाठी मिशन स्थापन झालं. तिथंही हेच.

इथं जरा थांबावं लागेल, कारण खरा अवघड भाग हा आहे.

कुंताबाईंनी नवरा तिशीच्या आत घराबाहेर जाताना पाहिला. सासू आणि पोरं सांभाळली. एक मुलगा लहानपणीच गेला. नंतर नवऱ्याचं नाव मोठं झालं, मंत्री-संत्री त्याला भेटायला येऊ लागले, त्याच्या नावानं दगडी इमारती उभ्या राहिल्या. कुंताबाईंच्या वाट्याला गरिबीचा संसार तसाच राहिला. परक्या माणसासाठी जी धर्मशाळा उघडी होती तिच्यावर त्यांचा बायको म्हणून काही अधिकार नव्हता. बाबांनी स्वतःला जे सोसायला लावलं ते त्यांनी निवडलेलं होतं. कुंताबाईंनी काय निवडलं होतं?

भक्त मंडळी यावर लगेच सांगतात की थोरांच्या घरी असंच असतं. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या लेकीला स्वस्त लुगडं नेसायला सांगणं आणि आपल्या बायकोला तेच नेसवणं यात प्रामाणिकपणा आहे, हे खरं. पण माया वाटताना घरचं माणूस रांगेत शेवटी उभं राहिलं, हेही खरंच आहे. दुसरी बाजूही दिसते. बाबांनी एकदा, एकदाच, आपल्या जावयाला एका धर्मशाळेची किल्ली दिली असती तर काय झालं असतं, ते आपण वऱ्हाडातल्या कितीतरी संस्थांमध्ये पाहतो. आजोबांनी गावाच्या वर्गणीतून काढलेली शाळा नातवाच्या नावावर कशी होते, हे इथं कोणाला शिकवायला नको. बाबांच्या मागं त्यांच्या इमारतींसाठी वारस भांडले नाहीत, कारण वारस नेमलाच नव्हता. या स्वच्छ व्यवहाराची किंमत एका बाईनं मोजली. तिचा फोटो मात्र भिंतीवर क्वचितच दिसतो. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवणं जड जातं, पण ठेवाव्या लागतात.

१९२३ ची गोष्ट. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. उरलेला एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी तिथं पोचली. कीर्तन थांबलं नाही. लोकांनी ऐकलं, लोक रडले, बाबा पुढं बोलत राहिले. जगात रोज कोणाचं ना कोणाचं लेकरू जातं, मग आपल्या एकट्यासाठी काय रडायचं, असा त्यांचा भाव होता. ही गोष्ट शाळेत मोठ्या कौतुकानं सांगतात. ती ऐकताना मला दर वेळी इकडं वऱ्हाडात असलेल्या त्या मुलाच्या आईची आठवण होते. बाबांच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं ते आपल्याला सांगता येणार नाही. एवढं मात्र दिसतं की दुसऱ्याच्या दुःखात ते कधी असे कोरडे राहिले नाहीत. आजाऱ्याजवळ बसले, महारोग्याच्या जखमा धुतल्या, थंडीत कुडकुडणाऱ्याला पांघरूण घातलं. धाकाचा सगळा भार त्यांनी स्वतःवर आणि स्वतःच्या माणसांवर ठेवला, आणि माया लांबच्याला दिली.

अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर बाबांची दशसूत्री लावलेली असते. पुढच्या वेळी दाखल्यासाठी रांगेत उभे असाल तर ती नीट वाचा. भुकेल्याला, तहानेल्याला, उघड्याला, बेघराला, रोग्याला, बेकाराला, मुक्या जनावराला काय द्यायचं, तेच त्यात आहे. दहाच्या दहा गोष्टी देण्याच्या. शिस्तीचं एकही कलम नाही. इतका कडक माणूस, आणि त्याच्या पाटीवर शिस्त नाही! कारण ती पाटी लोकांसाठी आहे. शिस्तीचे नियम पाटीवर नव्हते. ते किल्ल्या आणि हिशोबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांसाठी होते.

आपल्या मोठेपणाबद्दलही त्यांनी हीच सक्ती ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा स्नेह होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याच हाती दिली, मध्ये आपला माणूस बसवला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९५४ ला कराडच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव कॉलेजला, आणि पुढं आपल्या अमरावतीच्या विद्यापीठालाही. पण आपला पुतळा करू नका, समाधी बांधू नका, जिथं मरण येईल तिथंच माती करा, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. ही एक आज्ञा लोकांनी मोडली. पुतळेही झाले, समाधीही झाली. धाकापुढं लोकांची माया जिंकली म्हणायचं.

मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला गेलेल्या बाहेरगावच्या गरीब माणसाला तिथं आसरा मिळतो. आपल्या भागातून गेलेल्या अनेकांना तो पत्ता तोंडपाठ आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे, शरीर थकलेलं, मधुमेहानं पोखरलेलं. तरी फिरणं चालूच होतं. बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, मोटारीतून त्यांना अमरावतीकडे आणत होते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडी आली आणि तिथंच, वाटेवर, त्यांचा श्वास थांबला. अमरावती आणखी थोड्या अंतरावर होती. आज अमरावतीतल्या एका भागाला गाडगेनगर म्हणतात.